बापाची थाळी, भावाचं चर्च

स्मरणाच्या रविवारी सकाळी साडेआठला सूर्यमाळकडची जीप जव्हारच्या एसटी स्टँडपाशी थांबली आणि तिच्यातून बा एकटाच उतरला. काखेत खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी गोल, ताटाएवढं होतं. ते काय आहे हे पिशवी न उघडताच मला कळलं. जोडीला कोण आलंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोनी नाय," आणि मला तिथेच सोडून रस्ता ओलांडायला लागला.

मी धावत त्याला गाठलं. थाळीला साथ द्यायला त्याच्या चुलतभावाला घेऊन येतो असं त्याने फोनवर सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते विचारलं. पाड्यातल्या लोकांनी त्याला येऊ दिलं नव्हतं. चर्चमध्ये थाळी लावायला कोणी गेलं तर त्याच्या घरच्या लग्नात आम्ही पाणीसुद्धा पिणार नाही, असं आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर ठरलं. बा ने ते ऐकून घेतलं आणि पहाटे उठून एकटाच जीपला येऊन उभा राहिला.

हे सगळं नीट सांगायचं तर आधी थाळी सांगायला हवी. आमच्याकडे माणूस मेला की त्याच्या दिवसाला काशाची थाळी लावतात. थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा बसवायचा, त्यात बारीक काडी उभी रोवायची आणि त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमते. त्या घुमण्यावर थाळकरी वाटेची कथा गातो. कुठली नदी लागेल, कुठली खिंड लागेल, कुठे थांबायचं, कुठे मागे बघायचं नाही, हे सगळं मेलेल्याला सांगायचं. थाळकऱ्याच्या डाव्या हाताला एक जण बसतो आणि प्रत्येक ओळीला झील देतो, म्हणजे तिचा शेवट उचलून धरतो. झील आली नाही तर पुढची ओळ गायची नाही. आणि कथेत एका जागी थाळकरी विचारतो, या वाटेने कोण जातोय? तेव्हा नाव सांगायचं काम झील देणाऱ्याचं. नाव कोणतंही चालत नाही. ज्या नावाने हाक मारली की तो माणूस मागे वळून बघेल, तेच नाव घ्यायचं. नाहीतर ज्याला वाट सांगितली तो तिथेच उभा राहतो, असं बा म्हणतो.

माझा बा आमच्या भागातला थाळकरी. आसपासच्या पाड्यांतली किती माणसं त्याने वाटेला लावली असतील, त्याचं त्यालाच माहीत नाही. आणि त्याच्या स्वतःच्या मुलाची थाळी एक वर्ष झालं तरी लागली नव्हती.

माझा धाकटा भाऊ कॉलेजला जव्हारला आला तेव्हा चर्चच्या आवारातल्या खोलीत राहायला लागला. संस्थानच्या काळातलं काळ्या दगडाचं चर्च ते. तिथे रविवारी पायपेटी वाजते, तबला-झांज असते, आणि गाणी म्हणाल तर अर्धी भजनाच्या चालीवर. त्याचा गळा बा चा. लहानपणी बा च्या डाव्या हाताला तोच बसायचा. चर्चच्या गायनमंडळात तो आधी पाहुणा म्हणून गायला, मग रोज, मग त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नवं नाव घेतलं. शेवटची चार वर्षं गायनमंडळाची गाणी तोच बसवायचा. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर शेजारच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवायचा, कधी सर्पदंशावर, कधी सिकलसेलवर, कधी गावठी बियाण्यावर. त्या व्याख्यानांच्या निमित्ताने मीही जायला लागले. देवाधर्माशी माझं फारसं जमत नाही. पण मागच्या बाकावर बसून त्याला गाताना ऐकायला मला आवडायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. स्वभाव तिखट. फॉर्मवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की मी माणसाला परत पाठवते. भावालाही तसंच वागवलं. नव्या नावाने त्याला मी कधी हाक मारली नाही. त्याने दोनदा म्हटलंही होतं. एकदा हसत हसत, आणि एकदा फोनवर, दिवाळीच्या आधी, जरा हळू आवाजात: "ताई, सगळे मारतात त्या नावाने हाक. तू एकदा तरी मार ना." मी म्हटलं, बापाने ठेवलेलं नाव काय भंगारात घालू? तो बरं म्हणाला आणि त्याने विषय बदलला. पुढच्या महिन्यात त्याला कावीळ झाली. अंगावर काढली. नाशिकला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

त्याला चर्चच्या मागच्या दफनभूमीत ठेवलं. दगडावर नवं नाव कोरलं. बा मातीला आला, उभा राहिला आणि परत गेला. त्यानंतर त्याने थाळीला हात लावला नाही. घरचा मेलेला वाटेत उभा असताना दुसऱ्याच्या मेलेल्याला वाट सांगता येत नाही, असा नियम. पाड्यात वर्षभरात दोन माणसं गेली, दोघांचे दिवस थाळीशिवाय झाले. लोक चिडले. म्हणाले, इथेच लाव तुझ्या पोराची थाळी, जुन्या नावाने, आणि मोकळा हो. बा ऐकेना. थाळी छपराखाली लावतात, आणि मेला तेव्हा त्याचं छप्पर जव्हारला होतं, एवढंच तो म्हणायचा. "माना पोर तठं निजलाय. मंग थाळी तठंच लागंल."

तो जेवायचा बंद झाला होता असं नाही. पण भाकरी पुढ्यात घेऊन बसायचा आणि ती गार व्हायची. मी महिन्यातून एकदा घरी जायचे आणि प्रत्येक वेळी तो मला थोडा कमी दिसायचा. थाळी लागली नाही तर हा माणूसही टिकणार नाही, याची मला खात्री झाली होती.

म्हणून स्मरणाच्या उपासनेचं कळलं तेव्हा मी आपणहून पाळकसाहेबांकडे गेले. वर्षभरात मंडळीतल्या गेलेल्या लोकांची नावं त्या दिवशी वाचतात, प्रत्येकासाठी मेणबत्ती लावतात आणि घरचं कोणी दोन शब्द बोलतं. मी विचारलं, माझे वडील बोलले तर चालेल का? पाळकसाहेब तरुण, मऊ बोलणारे. आनंदाने हो म्हणाले. थाळीचं मी सांगितलं नाही. बा ला सांगितलं की तिथे थाळी लावू देतील. मधला भाग मी बघून घेईन असं मनाशी ठरवलं. कचेरीत निम्मी कामं अशीच होतात.

आता दीड तास उरला होता, झील द्यायला माणूस नव्हता, आणि बा पिशवी काखेत मारून चर्चच्या पायरीवर बसला होता. मी त्याला चहा आणून दिला. त्याने तो घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाव मी ठेवला तोच यायला पायजे." मी मान हलवली.

आतल्या खोलीत पाळकसाहेब, पंचमंडळातले एक वयस्कर पंच आणि पायपेटी वाजवणाऱ्या निवृत्त बाई अशी तिघं होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पंचांनी चष्मा काढला. आज थाळी आणाल, उद्या भगत आणाल, आणि परवा आम्हाला नाशिकहून बिशपसाहेबांचं पत्र येईल, असं ते म्हणाले. चुकीचं बोलत नव्हते. गेल्या वर्षी झांजेवरून इथे दोन महिने भांडण चाललं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं की यात कुणा देवाला बोलावतात का. मी म्हटलं, नाही, वाट सांगतात, नदीनाल्यांची नावं येतात. किती वेळ लागतो? मी म्हटलं, दहा मिनिटं. खरं तर ही कथा संध्याकाळी सुरू होऊन उजाडेपर्यंत चालते. फक्त वाटेचा तुकडा घे असं बा ला सांगायचं मी ठरवलं होतं, पण अजून सांगितलं नव्हतं.

मग बाई पुढे सरकल्या. त्यांनीच भावाला स्वर लिहायला शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "सरावाच्या वेळी तो मला या थाळीबद्दल सांगायचा. मला ती ऐकायची आहे." पंचांनी चष्मा पुन्हा लावला आणि विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे, बाईंशी जव्हारमध्ये कोणी वाद घालत नाही म्हणून.

पाळकसाहेबांनी होकार दिला, पण एक अट घातली. नाव रजिस्टरात आहे तेच घ्यायचं. या छपराखाली दुसरं नाव घेतलं तर मंडळीला मी काय सांगू? मी म्हटलं, हो, तेच घेतील. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे मीच मान हलवून आले होते.

उपासना दहाला सुरू झाली. बा ला मी तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसवलं. थाळी त्याच्या मांडीवर होती. पुढे मेणबत्त्या लावलेल्या. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली, मग पाळकसाहेबांनी नावं वाचायला घेतली. ज्या घरचं नाव येईल ते लोक उभे राहात होते. चौथं नाव माझ्या भावाचं, त्याचं नवं नाव. मी उठले. बा उठला नाही. त्याला ते नाव माहीत होतं, दगडावरचं मीच त्याला वाचून दाखवलं होतं. तो समोर बघत बसून राहिला. सगळं चर्च आमच्याकडे बघत होतं आणि मी धड उभी नाही, धड बसलेली नाही, अशी बाकाला धरून राहिले. शेवटी पुढचं नाव आलं आणि मी खाली बसले.

प्रवचन कशावर होतं ते मला आठवत नाही. मी पूर्ण वेळ हिशोब करत होते की बा ला झील कोण देणार. मागच्या बाकांवर पाड्यांवरून आलेले पाचसहा पुरुष होते, त्यांना झील येत असणार. पण ते मंडळीचे, ते उठणार नाहीत. स्वतःच गायचं आणि स्वतःच झील द्यायची, असं कधी झालेलं मी ऐकलं नव्हतं. आणि बाई माणूस थाळीपाशी बसत नाही. हे मला लहानपणी फटका खाऊन कळलं होतं.

पाळकसाहेबांनी हाक दिली तेव्हा बा उठला, चपला बाकाखाली सारल्या आणि पुढे गेला. वेदीच्या खाली, फरशीवर पंचा अंथरला, थाळी ठेवली. मग खिशातून मेणाचा गोळा काढला. सकाळ थंड होती, मेण दगडासारखं घट्ट झालेलं. त्याने इकडे तिकडे बघितलं, उठला, आणि समोर लावलेल्या मेणबत्त्यांपैकी जवळच्या एकीवर तो गोळा धरून शेकायला लागला. पंच बाकावरून अर्धे उठले. त्यांच्या शेजाऱ्याने त्यांचा हात धरला. बा ने गोळा नीट फिरवून फिरवून मऊ केला, अंगठ्याने थाळीत दाबला, काडी रोवली आणि बसला. मेणबत्ती कुणाच्या नावाची होती हे त्याला माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही.

थाळी घुमायला लागली. त्या दगडी भिंतींत तिचा आवाज पाड्यातल्या कुडाच्या घरात येतो त्यापेक्षा मोठा झाला. मागच्या बाकांवरच्या बायकांनी पदर डोक्यावर ओढून घेतले. बा ने पहिली ओळ गायली आणि थांबला. बोटं चालू, तोंड बंद. झील आली नाही.

त्याने तीच ओळ पुन्हा गायली. मी मागे बघितलं. पुरुष जमिनीकडे बघत होते. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक बंद केलं. बा ने तिसऱ्यांदा ती ओळ घेतली तेव्हा त्याचा आवाज पातळ झाला होता, आणि मला लख्ख कळलं की चौथ्यांदा तो गाणार नाही. तो काडी उपटेल, थाळी पिशवीत घालेल, दुपारची जीप धरेल आणि पुन्हा कधीही ती बाहेर काढणार नाही.

मी उठले. बाकातून बाहेर पडताना कुणाच्या तरी पायाला ठेचकाळले. जाऊन त्याच्या डाव्या हाताला बसले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एक क्षण वाटलं, इथेच फटका बसेल, सगळ्यांसमोर. मग त्याने ओळ गायली आणि मी झील दिली. माझा गळा भावासारखा नाही. फाटका आवाज आला. पण ओळ पुढे सरकली.

मग वाट चालू झाली. जव्हारहून निघून ओढे, खिंडी, आंब्याखालची विसाव्याची जागा, मोखाड्याकडचे उतार. तो नेहमीची कथा गात नव्हता. चर्चच्या दारातून आमच्या घरापर्यंत आणि तिथून पुढची वाट तो जागच्या जागी जुळवत होता. एकेक ओळीला मी झील देत गेले. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली असणार. पंचांचं घड्याळ मला दिसत होतं, आकडे दिसत नव्हते. पुढे काय येणार ते मला माहीत होतं.

बा ने विचारलं, "ये वाटंन कोन जातो? नाव सांग."

जुनं नाव माझ्या तोंडावर होतं. खरं सांगते, मी तेच घेणार होते. पाळकसाहेबांना दिलेला शब्द मोडला असता तरी पुढच्या रविवारी मला इथे कोण विचारणार होतं? बाप माझा होता, चर्च माझं नव्हतं. पण नियम दोघांपैकी कुणाचाच नव्हता, नियम थाळीचा होता. ज्या नावाने तो वळून बघेल ते नाव. आणि कुठल्या नावाने तो वळायचा हे त्या अख्ख्या छपराखाली माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? जुन्या नावाने मी हाक मारली की तो यायचा, पण जरा उशिराने, आणि चेहरा पाडून. गायनमंडळातल्या एखाद्या पोरीने मागून नव्या नावाने हाक मारली की हातातला कागद न ठेवताच वळायचा.

मी नवं नाव घेतलं. मोठ्याने.

बा ची बोटं काडीवर थांबली. थाळीचा आवाज बारीक होत गेला. मी डोळे मिटले. पेटीपाशी बाईंची खुर्ची वाजली, त्या उभ्या राहिल्या असाव्यात. मग बोटं पुन्हा खाली आली आणि बा ने पुढची ओळ घेतली. त्या ओळीत नाव तीनदा घ्यावं लागतं. त्याने घेतलं. त्या नावातलं जोडाक्षर त्याच्या तोंडात बसेना, पहिल्यांदा अडखळला, दुसऱ्यांदा जरा बरं आलं, तिसऱ्यांदा त्याने ते आपल्या बोलीत वळवून घेतलं आणि आपलंसं करून टाकलं.

वाट संपली तेव्हा पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला आणि लोक उठले. पंच आमच्या बाजूने गेले तेव्हा त्यांनी बा ला हात जोडले, मला नाही. पाड्यात पुढे काय झालं तेही सांगते. दोन घरांनी अजून आम्हाला बोलावणं बंद ठेवलंय, पण उन्हाळ्यात एक म्हातारी गेली तेव्हा बाकीचे बा ला बोलवायला आले आणि तो गेला.

त्या दुपारी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. त्याने दोन वडापाव खाल्ले. वर्षभरात त्याला असं भुकेने खाताना मी बघितलं नव्हतं. जीप भरायची होती म्हणून आम्ही कठड्यावर बसलो. तो बराच वेळ हाताच्या अंगठ्यावरचं मेण खरवडत होता. थाळीपाशी बसल्याबद्दल मला काहीतरी ऐकून घ्यावं लागेल अशी मी वाट बघत होते. ते आलं नाही.

तो म्हणाला, "मना तं नाव ठावं नव्हता खरा का खोटा. पन तू घेतलास म्हंजे तोच असंल. तू त्याला त्याच नावानं हाक मारत होतीस ना?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. बा उठून माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

मी म्हटलं, "हो बा. रोज."